सुजलेला हात आणि धाकटी जाऊ

हात दुखावला आणि सुजायला लागला, तर आधी बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात. बाकी सगळं नंतर. शकुन-अपशकुन, पाहुणे काय म्हणतील, तेही नंतर. मला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, पण जिने सांगितलं तिचं मला ऐकायचं नव्हतं. म्हणून इथं पहिल्यांदा तेवढं लिहून टाकते.

मी चौथी शिकले आहे. माहेर पेठच्या बाजूचं, डोंगरातलं. लग्न होऊन नाशिकला आले. गंगापूर रोडच्या पुढे आमची झाडांची नर्सरी आहे. पिशव्या भरणं, कलमं बांधणं, रोपं हलवणं ही माझी कामं. मला चारचौघांत बोलता येत नाही, दवाखान्यात तर तोंडच उघडत नाही. तिथं जे मनात राहिलं ते आता लिहिते आहे. कुणाला दाखवायचं धाडस होईल असं वाटत नाही. पण हात सुजून एखादी पडली असेल आणि तिच्या हाती हे लागलं, तर तिला सोबत होईल.

बांगड्या

नणंदेचं लग्न होतं. आमच्यात लग्नाआधी कासारीण घरी येऊन नवरीला हिरवा चुडा भरते आणि नवरीबरोबर घरातल्या सगळ्या बायका भरून घेतात. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पुढच्या खोलीत सतरंजी टाकली होती.

माझ्या आधी वैशाली बसली. ती माझी धाकटी जाऊ. नाशिक शहरात वाढलेली, बी.ए. झालेली. लग्न होऊन तिला वर्षच झालं होतं. कासारणीने तिचा हात नुसता दाबला आणि म्हणाली, "दोन-चार माप. काय लोण्यासारखा हात आहे पोरीचा. असा हात असला की भरणारीला पण बरं वाटतं." बांगड्या न वाजता तिच्या मनगटात गेल्या.

मग माझा हात तिच्या हातात गेला. तिने तळव्यावरचे घट्टे चाचपले आणि मोठ्या मापाची, दोन-सहाची पेटी पुढे ओढली.

"मला पण दोन-चारच भरा," मी म्हटलं.

"नाय जायाची, वहिनी. हाड बघा तुमचं."

"साबण लावा. जाईल."

आत्याबाई हसल्या. "भर बाई. धाकटीचं बघून थोरलीला हौस आलीये."

सगळ्या हसल्या, वैशालीही. ती वाईट हसली नव्हती. पण तिच्या हसण्याने मी आणखी हट्टाला पेटले. डाव्या हातात कशातरी गेल्या. उजव्या हातात कासारीण अंगठा आत दाबून बांगडी सरकवत होती, मी दात आवळून बसले होते. बऱ्याचशा गेल्या. शेवटची अडली, आणि कासारणीच्या मुठीतच तिचे दोन तुकडे झाले. त्यातला एक माझ्या अंगठ्याच्या मुळाशी जी मऊ गादी असते, तिच्यात घुसला.

"वाढली," आत्याबाई पटकन म्हणाल्या. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी माझ्या हातावर पदर टाकला. "नवरीच्या पुढ्यात रगत नको. आत जा."

आत कासारणीने काच उपसून काढली, हळद दाबली आणि वाढलेल्या बांगडीच्या जागी दोन-सहाच्या दोन नव्या भरल्या. हात उणा ठेवत नाहीत म्हणून. जखम तांदळाच्या दाण्याएवढी होती. मीही विसरले.

ठणका

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पुऱ्या लाटताना अंगठ्याजवळ ओढल्यासारखं झालं. संध्याकाळी तिथं लाल झालं. हात लावला तर गरम, जणू कुणी चहाची वाटी टेकवून ठेवली आहे. मग सूज. आधी गादी फुगली, मग तळवा, मग हाताची पाठ. तळव्याच्या रेषा नाहीशा झाल्या. आणि ठणका. छातीत एक ठोका पडला की हातात एक कळ.

आत्याबाईंनी आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावला. वर विटेचा तुकडा तापवून फडक्यात बांधून शेक दिला. मी सांगते, शेक देऊ नका. आतून आधीच तापलेल्या हाताला बाहेरून आणखी काय तापवायचं. त्या रात्री सूज बांगड्यांच्या खाली-वर आली आणि बांगड्या मधल्या खोबणीत रुतून बसल्या.

सकाळी वैशालीने माझा हात पाहिला. "ताई, हे बरोबर दिसत नाहीये. बांगड्या काढू या आणि डॉक्टरकडे जाऊ या."

"पाठवणी होईपर्यंत चुडा उतरवत नाहीत. तुमच्या शहरात उतरवत असतील."

"मग निदान कलश तरी मी धरते."

तिने हे म्हणायला नको होतं. नवरीला सख्खी बहीण नसेल तर आमच्याकडे थोरली वहिनी करवली होते. नवरीच्या मागे कलश घेऊन उभी राहते, सगळ्या फोटोंत येते. मला वाटलं, हिचं लक्ष माझ्या हातावर नाही, कलशावर आहे. घरात आल्यापासून हिचा चहा चांगला, हिची रांगोळी चांगली, हिने मोबाइलवर नर्सरीचे फोटो टाकले म्हणून गिऱ्हाईक वाढलं. आता करवलीही हीच.

"माझा हात आहे, माझं मी बघते," मी म्हटलं.

मंगलाष्टकं होईपर्यंत कलश मीच धरला. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती, म्हणून डाव्या हाताने खालून आधार दिला होता. अंगात थंडी भरत होती. पाठवणीच्या वेळी नणंद गळ्यात पडून रडली आणि तिच्या खांद्याचा धक्का माझ्या हाताला लागला. पुढचं मला नीट आठवत नाही. हे, म्हणजे माझे मालक, सांगतात की मी नवरीपेक्षा मोठ्याने रडले आणि पाहुण्या म्हणाल्या, केवढी माया आहे वहिनीची.

निदानाचा दिवस

मंडपातून मला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या. त्यांनी हात उलटासुलटा पाहिला, प्रत्येक बोट हलक्याने सरळ केलं. मी ओरडले.

"पहिलं म्हणजे बांगड्या निघायला हव्यात," त्या म्हणाल्या.

सिस्टरने बांगड्यांखाली ओला कापूस सरकवला, वरून पट्टी धरली आणि पकडीने एकेक बांगडी मोडायला घेतली. नवरा समोर उभा असताना बायकोच्या बांगड्या मोडायच्या. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हे म्हणाले, "मोडा हो, मी जित्ता उभा आहे ना समोर." पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

वैशालीने आपल्या हातातल्या दोन बांगड्या उतरवल्या आणि माझ्या डाव्या हातात घालायला निघाली. डाव्या हातातल्या घट्ट म्हणून सिस्टरने आधीच साबण लावून उतरवल्या होत्या. "एक हात तरी मोकळा नको दिसायला," ती म्हणाली. बांगडी माझ्या बोटांच्या पेरांवरच अडली. अंगात ताप भरलेला असतानासुद्धा मला कळलं की दोन-चार हे माझ्या हाताचं माप कधीच नव्हतं. मी हात ओढून घेतला.

मग मॅडमनी सांगितलं की आत बहुतेक काचेचा कण राहिलाय, पू झालाय, हात बधिर करून चीर द्यावी लागेल. मला एकच विचारायचं होतं. हात पुन्हा वळेल का. मूठ होईल का. मूठ नसेल तर मी कलम बांधणार कशी, पोरीची वेणी घालणार कशी, भाकरी थापणार कशी. पण मी मोडलेल्या बांगड्यांचे तुकडेच बघत राहिले.

"मॅडम, बोटं पहिल्यासारखी वळतील ना? ताईंचं सगळं काम हाताचं आहे." वैशालीने विचारलं. माझ्या मनातलंच विचारलं. आणि मला तिचा भयंकर राग आला, की माझा प्रश्नसुद्धा हिच्याच तोंडून यावा.

"उशीर झालाय," मॅडम म्हणाल्या. "प्रयत्न करू. आज खात्री देत नाही."

आतली गर्दी

चीर दिली, पू काढला, कण निघाला. साखरेच्या दाण्यापेक्षा लहान. हाताला पट्ट्या बांधून तो वर सळईला अडकवून ठेवला होता, वर्गात प्रश्न विचारायला हात वर करतात तसा. मी शाळेत कधी हात वर केला नव्हता.

शेजारच्या खाटेवर भागाआजी होत्या. वणीच्या. देवीच्या पायऱ्यांवर घसरून त्यांचा घोटा सुजला होता, पाय उशीवर. रोज मॅडम आल्या की आधी त्यांचा पाय दाबून बघत आणि म्हणत, "छान, ओसरली." आजींच्या घोट्याचं हाड रोज थोडं थोडं वर येत होतं. म्हाताऱ्या बाईच्या घोट्याचा हेवा करावा लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी करत होते.

"मॅडम," एकदा आजींनी विचारलं, "ही सूज येतेच कशाला? काय पाप केलंय पायानं?"

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते.

शरीराला कुठं लागलं की तिथलं मांस हाक मारतं. ती हाक ऐकून तिथल्या रक्ताच्या बारीक नळ्या रुंद होतात, जास्त रक्त येतं. म्हणून लाल दिसतं, म्हणून गरम लागतं. नळ्यांच्या भिंती मुद्दाम सैल होतात आणि त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. त्या पेशी घाण खातात, जंतू खातात. खाऊन मरतात, त्याचाच पू होतो. ते पाणी साठतं ती सूज. आणि दुखतं ते आपण तो भाग हलवू नये म्हणून.

"म्हंजे सूज आपलीच हाय?" आजी म्हणाल्या.

"आपलीच. मदतीला आलेली."

"मंग ह्या पोरीचा हात कापला का?"

"लग्नघरात सगळी गल्ली मदतीला आली आणि खोली एवढीशी असली तर?" मॅडम म्हणाल्या. "हाताच्या तळव्यात जागा फार कमी असते. वरून बांगड्यांनी दार बंद. मग मदतीला आलेल्यांच्याच गर्दीने श्वास कोंडतो. काच काढली, वाट करून दिली, आता ती माणसं आपापल्या घरी जातील."

"लय चांगलं सांगितलं," आजी म्हणाल्या. "आमच्या घरात सांगायला या एकदा. तिथं मदतीला आलेली अजून गेली न्हाईत."

मी हसले. आजारपणात पहिल्यांदा. सळईवरचा हात हलला आणि डोळ्यांत पाणी आलं.

मला त्या बोलण्याने धीर आला, हे खरं. तोवर मला वाटत होतं की हात माझ्यावर उलटला आहे. पण पडल्या पडल्या दुसराही विचार आला. माझ्या घरातही एक मदतीला आलेली आहे, आणि खोली एवढीशी आहे.

डबा

डाव्या हातात सलाईन, उजवा वर टांगलेला. जेवण भरवावं लागे. दुपारी वैशाली डबा घेऊन यायची. तिचा घास बेताचा, खाली सांडायचा नाही, मध्ये पाणी विचारायची. संध्याकाळी हे यायचे. भाजी आधी संपवायचे आणि शेवटी नुसता भात कोंबायचे, नजर दारावरच्या टीव्हीकडे. मला यांच्या हातचंच गोड लागायचं. एकदा त्यांनी माझे केस विंचरले. गुंता ओढून काढला, मी आई गं म्हटलं, तर म्हणाले, "रोपाच्या मुळ्या सोडवतो तसं करतोय, हल्लीस तर तुटशील." ही दवाखान्यातली सगळ्यात मोठी कृपा, मी विसरणार नाही.

पण तेच हे, दुसऱ्या वाक्याला म्हणाले, "तू घरची काळजी करू नको. वैशाली सगळं बघतीये. कलमांना पट्ट्या बांधायला पण शिकली."

हे बोलणं धीर द्यायला होतं. ज्यांच्या घरचं कुणी दवाखान्यात आहे त्यांना मी सांगेन, घर छान चाललंय असं रोज सांगू नका. थोडं अडलंय असंही सांगा. खोटं असलं तरी.

रविवारी चिऊ आली. माझी मुलगी, पहिलीत आहे. तिच्या केसांची बारीक सागरवेणी घातलेली, एक केस बाहेर नाही.

"कुणी घातली?"

"काकूने. काकू मोबाइलमध्ये बघून घालते."

"छान आहे."

"तुझा हात कधी खाली येणार?"

"येईल."

"नाही आला तर काकू घालेल," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मी भिंतीकडे तोंड केलं. मला भीती ही होती की हात बरा होईल, पण तोवर घराला त्याची गरज राहणार नाही.

घरी

सूज उतरली. तळव्याच्या रेषा परत आल्या, आधी पुसट, मग पहिल्यासारख्या. कातडी सोलून निघाली, आतून गुलाबी. टाके निघाले. पण बोटं लाकडाची झाली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं अर्ध्यात थांबायची.

"इतके दिवस सूज होती, आतलं सगळं आखडलंय," व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या. "गरम पाण्यात हात बुडवायचा, आता चालेल. मग दुसऱ्या कुणीतरी बोटं धरून वाकवायची, दुखलं तरी. आत्ता नाही वाकली तर पुढे वाकणार नाहीत."

पहिल्या दिवशी यांनी धरली. मी कण्हले तसं सोडून दिलं. "नाही बाई, माझ्याच्यानं नाही होत." आत्याबाईंनी धरली, तर माझ्याआधी त्याच रडायला लागल्या. "मीच शेक दिला गं तुला," म्हणाल्या. दोन दिवस असेच गेले आणि बोटं होती तिथंच.

मग वैशाली भांडी आवरून पदराला हात पुसत आली आणि माझ्या समोर बसली. "द्या."

"राहू दे. हे करतील."

"भाऊजी करणार नाहीत. द्या हात."

तिने मधलं बोट धरलं आणि वाकवलं. डोळ्यांपुढे काजवे आले. ती थांबली नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. दुसऱ्या कुणापुढे मी ओरडले असते, हात ओढला असता. हिच्यापुढे नाही. हिच्यापुढे मी रडणार नाही, एवढं एकच डोक्यात होतं.

"रडा ना ताई, फुकट आहे."

"तू वाकव."

"बांगड्यांच्या वेळी पण अशाच बसला होतात. दात आवळून."

"तुला कशाला बघायला सांगितलं होतं?"

"सगळं घर बघत होतं. कासारीण म्हणाली ना दोन-सहा. दोन-सहात काय वाईट होतं?"

तिने दुसरं बोट धरलं.

असं रोज चाललं. ती वाकवायची आणि बोलायची. एकदा म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा चिऊ रोज वेणी घालताना सांगायची, आई अशी ओढत नाही. रोज. म्हणून मी मोबाइलमध्ये बघून शिकले, म्हटलं निदान दिसायला तरी बरी दिसू दे." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आत्याबाई माझ्या भाकरीला काय म्हणतात माहितीये? पापड. थोरलीची भाकरी फुगते म्हणतात. मी काय करू, माझे हात लहान आहेत."

तिच्या त्या लोण्यासारख्या हातांवर तव्याचे चटके होते. मला ते बघून वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. खरं ते लिहायचं म्हणून लिहिते. ती माझा हेवा करते हे कळल्यावर मला तिचा जरा कमी हेवा वाटायला लागला. अजिबात वाटेनासा झाला असं नाही.

बोटं रोज गव्हाच्या दाण्याएवढी पुढे जायची. काही दिवस जातही नव्हती. त्या दिवशी ती म्हणायची, "उद्या जातील," आणि मी म्हणायची, "तुला काय माहीत." मग कणीक मळायला लागले, आधी डाव्याने, उजवा नुसता सोबतीला. एका सकाळी चिऊने माझ्यापुढे फणी आणून ठेवली. वेणी वाकडी आली. ती शाळेत तशीच गेली.

ज्या कुणाचा हात असा आखडला असेल तिला माझं एवढंच सांगणं आहे. बोटं वाकवायला जे तुमच्यावर फार माया करतं ते माणूस नको. दया करत नाही असं कुणीतरी बघा. तुम्हाला जिच्यापुढे रडायची लाज वाटते, अशी एक बाई घरात असेल तर तिलाच बोलवा.

परवा ती अशीच समोर बसली. "आता माझी बोटं धरा आणि आवळा, बघू किती जोर आलाय," म्हणाली. तिने दोन बोटं माझ्या तळव्यात ठेवली. मी आवळलं. अंगठा आला, शेजारचं बोट आलं, मधलं अडखळलं आणि तेही आलं. मूठ झाली. पूर्ण.

"आली की," ती म्हणाली.

मी आणखी आवळलं.

"ताई, दुखतंय. सोडा."

मी सोडलं. जरा वेळाने.